चाखतो तो दर्दी, विकते ती गुन्हेगार



मुरब्याच्या बैठकीत दारूबंदीचा ठराव मांडला गेला तेव्हा मी हात वर केला नाही. तीस-पस्तीस बायांमध्ये मी एकटीच. त्यानंतर बरंच बोलणं झालं. "इतकी वर्षं चळवळीत काढून आता दारूवाल्यांची वकिली करणार का?" असं एकीनं तोंडावर विचारलं. विचारलं ते बरं केलं. मनात ठेवून अबोला धरण्यापेक्षा भांडण कागदावर आलेलं चांगलं, म्हणून हे लिहिते आहे.

ठराव चार ओळींचा होता. गावात आणि आसपास कोणत्याही प्रकारची दारू, बिअर किंवा ताडी विकली जाऊ नये. सगळी दुकानं, सगळे गुत्ते आणि सगळी मडकी बंद करावीत. नाही केली तर बाया स्वतः जाऊन फोडतील. वाचून होताच टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागं दाराशी बसलेली एक मावशी उठली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, हंगामात ताडी विकते, एरवी सुकट. तिनं विचारलं, "सगळी म्हणजे कुठली, बाय? बोईसरच्या बारमधली बाटली आणि माझं मडकं तुम्हाला सारखंच वाटतं का? एकदा चव तरी घेतलीत?"

सगळ्या हसल्या आणि मावशी बसली. ठराव पुढं गेला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता येईना. आपण दारूवर इतकं बोललो, इतके मोर्चे काढले, पण त्या मडक्यात काय आहे, ते चांगलं की वाईट, ताजं की भेसळीचं, हे ठरवायचं कुणी? हा प्रश्न आपण बायांपुढं कधी ठेवलाच नाही. फोडायचा हक्क आपण बाईला दिला. पारखायचा दिला नाही.

दोन ठिकाणं, एकच आंबवण

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं मला पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत नेलं होतं. पुण्यात २००९ साली 'दूलाली' सुरू झाली. त्यानंतर पुण्या-मुंबईत जागेवर बिअर बनवून विकणारी अशी बरीच ठिकाणं निघाली. तिथं लाकडी तबकात सहा छोटे पेले ठेवून आणतात. एक तरुण मुलगा उभा राहून समजावतो: ही गव्हाची, ही काळी स्टाउट, हिच्यातलं धान्य करपेपर्यंत भाजलेलं म्हणून कॉफीचा वास येतो, ही इंडिया पेल एल, हिचा कडवटपणा हॉप्स नावाच्या फुलांचा. लोक पेला उजेडात धरतात, हुंगतात, घोट तोंडात घोळवतात आणि मत देतात. याचं रीतसर शास्त्र आहे. बिअरचे परीक्षक तयार करणारी एक संस्था अमेरिकेत १९८५ साली निघाली. तिच्या तक्त्यात ५० गुण असतात. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकंदर ठशाला १०. कुठला दोष कशानं येतो तेही शिकवतात. लोण्यासारखा वास आला तर आंबवण नीट पुरं झालं नाही, हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर अजून कोवळी आहे, शिरक्याचा आला तर हवा लागून जंतू शिरलेत.

शेवटचा पेला आंबट बिअरचा होता. मुलगा अभिमानानं म्हणाला, "ही खास आहे. यात विकतचं यीस्ट घातलेलं नाही. हवेतलं, लाकडातलं रानटी यीस्ट आणि दही लावणाऱ्या जातीचे जंतू यांनी ही आंबली आहे. बेल्जियममध्ये अशी शेकडो वर्षं करतात." मी घोट घेतला आणि मला डहाणूच्या रस्त्यावरची दुपार आठवली. ही तर जराशी शिळी ताडी! एका पेल्याची किंमत मात्र आपल्याकडच्या बाईच्या जवळजवळ दिवसभराच्या मजुरीएवढी.

आता ताडीचं पाहा. ताडाचा किंवा माडाचा फुलोरा छाटून खाली मडकं बांधतात. रस मडक्यात पडतो तोच आंबायला लागतो, कारण यीस्ट हवेत असतं, झाडावर असतं, कालच्या मडक्याच्या अंगाला चिकटलेलं असतं. आंबू द्यायचं नसेल तर मडक्याला आतून चुना लावतात, ती नीरा. चुना नसेल तर काही तासांत ताडी तयार होते. पहाटे उतरवलेली गोड, दहा वाजता जिभेला चुरचुरणारी, दुपारी आंबट आणि दुसऱ्या दिवशी शिरका. तिच्यातला मद्यार्क साधारण साध्या बिअरएवढाच, कधी त्याहून कमी.

त्या मावशीला मी नंतर विचारलं, "तुम्ही कशी ओळखता?" ती म्हणाली, आधी फेस बघायचा, मग नाक लावायचं, मग बोट बुडवून जिभेला लावायचं. पाणी घातलेलं कळतं, कालची आजच्यात मिसळलेली कळते, मडकं नीट धुतलं नसेल तर तेही कळतं. पावडरीची असेल तर गोडी जिभेवरून जातच नाही आणि मागून कडू लागते. म्हणजे दिसणं, वास, चव, तोंडातला ठसा. त्या अमेरिकन तक्त्यातले सगळे रकाने तिच्याकडे आहेत, फक्त कागद नाही.

मुरब्यातल्या बाईला पापलेटचा कल्ला उघडून मासा कधीचा आहे हे सांगता येतं, याचं आपल्याला कौतुक वाटतं. सातपाटी-मुरब्याच्या बाजारात तिच्या नाकावर व्यवहार चालतात. तेच नाक ताडीच्या मडक्याला लागलं की आपण नजर का वळवतो? पुण्यातल्या मुलाच्या जिभेला आपण 'दर्दी' म्हणतो. मावशीच्या जिभेला म्हणतो 'गुत्तेवाली'.

ही चोरी जुनी आहे

हे आपोआप झालेलं नाही. आपल्या किनाऱ्यावर ते कायद्यानं घडवून आणलेलं आहे. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला. ताड छेदायला परवाना आणि झाडामागे कर आला, दारू गाळणं घरातून आणि गावातून काढून मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेलं. वसई आणि माहीम तालुक्यांत, म्हणजे आजच्या वसई-पालघर पट्ट्यात, भंडाऱ्यांनी १८८०च्या दशकात त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं, झाडं छेदणंच थांबवलं. पुढं १८९२ साली खास मोहाचा कायदा आला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. मोहाची फुलं गोळा करणं, जवळ ठेवणं, विकणं यांवर बंधनं आली. जी फुलं आदिवासी घरात टंचाईच्या महिन्यांत उकडून खाल्ली जात, ती घरात सापडली तर गुन्हा! फुलं वेचायला जातात बाया. त्यामुळं झडती पहिल्यांदा कुणाच्या टोपलीची झाली असेल ते सांगायला नको.

यामागं दारूमुळं होणाऱ्या दुःखाची काळजी किती आणि तिजोरीची किती, ते त्या काळच्या कारभाराकडे पाहिलं की कळतं. दारू थांबली नाही. फक्त तिचा पैसा गावातून निघून मक्तेदाराकडे आणि सरकारकडे गेला. आणि गंमत पाहा, त्याच शतकात इंग्लंडमध्ये हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी एक कडवट एल बनवून जहाजानं पाठवली जात होती. तिच्या नावात आजही 'इंडिया' आहे. पुण्यातल्या तबकातला तिसरा पेला तोच. साहेबाच्या एलला देशाचं नाव मिळालं आणि देशातल्या मडक्याला दंड.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पूर्ण बंदी पुढं सैल झाली, परवाने आले, बार आले, परमिट रूम आल्या. पैसेवाल्याला परवाना मिळतो. ताडीच्या दुकानांचे लिलाव होतात आणि बोली लावायला रोख रक्कम लागते. एकटी बाई ती कुठून आणणार? मग ती बिनपरवान्याची विकते, हप्ता देते, छाप्यात सापडते. २०२१ साली राज्य सरकारनं मोहफुलांचं संकलन आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले, ते चांगलंच झालं. पण फुलं मोकळी झाली, मडकं अजून गुन्हेगारच आहे.

शेजारी काय चाललंय तेही बघा. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेश सरकारनं मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' ठरवून आदिवासी बचत गटांमार्फत ती बनवायची योजना आणली. आपल्या जिल्ह्यात घोलवडच्या चिकूला मानांकन आहे, बहाडोलीच्या जांभळाला आहे, वारली चित्रकलेला आहे. त्या वारली चित्रांत ताडावर चढलेला माणूस आणि झाडाला लटकलेली मडकी हमखास असतात. शहरातले लोक ती चित्रं चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात. वारली लग्न ज्या धवलेरी बाया लावतात, त्या लग्नात ताडी लागतेच. चित्रातलं मडकं वारसा आणि बाईच्या डोक्यावरचं मडकं मुद्देमाल, हा कुठला न्याय?

नफा आला की बाई बाहेर

ही गोष्ट फक्त पालघरची नाही. दारू आंबवणं हे जगभर स्वयंपाकाचंच काम होतं, म्हणून बाईचं होतं. सुमेरियन लोकांची बिअरची देवता निंकासी ही स्त्री होती. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, मद्य विकणारी म्हणून जिचा उल्लेख आहे ती बाईच आहे आणि मापात मारलं तर तिला पाण्यात टाकावं असं कलम आहे. म्हणजे बाईच्या मडक्यावर कायद्याचा डोळा तेव्हापासूनचा!

इंग्लंडची हकीकत ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी १९९६ सालच्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडली आहे. साधारण १३०० सालापर्यंत तिथल्या खेड्यांत एल बनवायच्या त्या बाया. घरची गरज भागवून उरलेली शेजारी विकायच्या. ती एल दोन-चार दिवसांत आंबून जायची, म्हणून धंदा लहान आणि बाईच्या आवाक्यातला होता. पुढं युरोपातून हॉप्स आले. हॉप्समुळं बिअर टिकायला लागली, लांब पाठवता यायला लागली, मोठी भांडी लागली, भांडवल लागलं, कर्ज लागलं, संघटना आल्या. बाईला ना कर्ज मिळे, ना संघात जागा. १६०० सालापर्यंत धंदा बराचसा पुरुषांचा झाला. आणि त्याच काळात एल विकणारी बाई म्हणजे घाणेरडी, फसवी, चवचाल अशी चित्रं आणि गाणी लोकप्रिय झाली. हातातलं काम काढून घ्यायचं आणि वर नावही काढायचं.

आज चवदार बिअरची नवी लाट आली आहे आणि ती पुन्हा 'हातानं, थोड्या प्रमाणात, स्थानिक' बनवण्याचा गौरव करते. म्हणजे बाया जे करत होत्या त्याचाच. पण त्यात बाई कुठं आहे? मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिएन ॲलन या बिअर बनवणाऱ्या बाईनं आपल्या व्यवसायातल्या बायांना एकच प्रश्न विचारला: तुम्हाला इथं बाई म्हणून काय सोसावं लागलं? हजारभराहून अधिक उत्तरं आली. चेष्टा, अंगचटीला येणं, बलात्कारापर्यंत. 'तुला काय कळतं चवीतलं', 'तुझ्यासाठी गोड, हलकी काही आणू का' हे तर रोजचंच. आपल्याकडे नाशिकला दोन बायांनी मिळून मधापासून मद्य बनवणारी 'सेराना' काढली, अशी उदाहरणं आहेत आणि ती मोलाची आहेत. पण त्या शिकलेल्या, प्रयोगशाळा पाहिलेल्या बाया. ताडीवाल्या मावशीसाठी त्या दाराला कडी आहे.

मार खाणाऱ्या बाईचं काय?

आता तुम्ही म्हणाल, इतिहास राहू दे, रात्री मार खाणाऱ्या बाईचं काय?

हा प्रश्न टाळून मला पुढं जायचं नाही. मीही मडकी फोडली आहेत. शहाद्याला १९७२-७३ साली आदिवासी बायांनी दारूचे अड्डे उद्ध्वस्त केले आणि बायकोला मारणाऱ्यांना जाब विचारला, त्या गोष्टी ऐकतच आम्ही चळवळीत आलो. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायांनी १९९२ साली अरॅकविरुद्ध जो वणवा पेटवला, त्यानं सरकार हादरलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत वारंवार झिंगणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकी सुमारे ७० टक्के बायकांनी नवऱ्याचा शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. या आकड्यापुढं कुणी चवीच्या गप्पा मारल्या तर मला राग येईल, तुमच्यासारखाच.

पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा आपण बैठकीत का वाचत नाही? ज्यांचे नवरे अजिबात पीत नाहीत, अशा बायकांपैकीही सुमारे २३ टक्के बायकांनी मार सोसला आहे. तो मार कुठल्या मडक्यातून आला? दारू हात सैल करते, हात उगारायचा हक्क मात्र पुरुषाला आधीच मिळालेला असतो. आपण सगळा दोष दारूवर टाकला की नवरा सुटतो. 'प्याला होता म्हणून' ही सबब आपणच त्याच्या हातात देतो.

आणि मडकी फोडल्यावर काय झालं, तेही सांगते. आम्ही एका पाड्यावर गेलो होतो, वीस वर्षांहून जास्त झाली. घोषणा देत पाच मडकी फोडली. पाचही बायांची होती. ज्याची गाडी बाहेरून माल आणून टाकायची तो पळाला होता, त्याचं नखसुद्धा सापडलं नाही. एक म्हातारी फुटक्या खापऱ्या गोळा करत बसली होती. तिनं एक शब्द काढला नाही. आम्ही मात्र विजयाची गाणी म्हणत परतलो. त्या पाड्यावरच्या पुरुषांचं पिणं थांबलं नाही. ते तालुक्याला जाऊन देशी पिऊ लागले, जास्त कडक आणि जास्त महाग. बाईच्या घरातले पैसे बाईकडे जायचे, ते दुकानदाराकडे गेले.

आंध्रात १९९५ साली संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ साली उठली. चंद्रपूरला बायांनी चालून चालून पाय झिजवले तेव्हा २०१५ साली बंदी मिळाली, ती २०२१ साली उठवली. बायांनी मिळवलेलं सरकार महसुलाच्या हिशेबानं परत घेतं. आपल्याकडे २००८च्या आदेशानं आडव्या बाटलीचं मतदान मिळालं. २५ टक्के बायांनी अर्ज करायचा आणि निम्म्याहून जास्त बायांनी मत द्यायचं, मग परवान्याचं दुकान बंद. हे हत्यार चांगलं आहे, बोईसरच्या बारवर आणि देशीच्या दुकानावर ते जरूर चालवू या. मी त्या मतदानात पहिल्या रांगेत उभी असेन. तारापूर औद्योगिक वसाहतीत पगाराच्या दिवशी परमिट रूमपाशी काय गर्दी असते आणि त्या रात्री घरी काय पोचतं, ते मला ठाऊक आहे. माझं भांडण एवढ्याचपुरतं आहे: त्या बारला आणि मावशीच्या मडक्याला एकाच ओळीत बसवू नका.

जीभ पुरत नाही तिथं

पारखणं इतकं महत्त्वाचं का, याचं सगळ्यात भयंकर उत्तर मालवणीत मिळालं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड-मालवणीत विषारी दारूनं शंभराच्या आसपास माणसं मेली. त्याआधी विक्रोळीला २००४ साली तसंच झालं होतं. दोन्ही वेळा मारेकरी एकच: मिथेनॉल, कारखान्यात वापरायचं अल्कोहोल. ते चवीला नेहमीच्या दारूसारखंच लागतं. कितीही मुरलेली जीभ असली तरी ओळखू शकत नाही. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, डोळे जातात, मग जीव. मागं राहतात त्या विधवा आणि पोरं.

ताडीचंही तेच व्हायला लागलंय. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त, मग ठेकेदार पाण्यात क्लोरल हायड्रेट टाकतो. हे झोपेचं औषध. त्याचा कडूपणा झाकायला सॅकरिन. हिला लोक ताडी म्हणतात, पण हिनं ताडाचं झाड पाहिलेलंसुद्धा नसतं. सवय लागली की सुटत नाही, सोडली तर माणूस वेड्यासारखा करतो. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी अशी ताडी पकडली गेली आहे. मावशीला 'पावडरीची' कळते ती हीच. पण तिच्या कळण्याला विचारतो कोण? तपासणीचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत जातात, अहवाल कधी आला, काय आला, हे गावातल्या बाईपर्यंत पोचत नाही. पुण्यातल्या पेल्यावर माल्ट कुठला आणि मद्यार्क किती, ते लिहिलेलं असतं. गरिबाच्या पेल्यावर काहीच लिहिलेलं नसतं, आणि मरतो तो गरीब.

म्हणून मी म्हणते, चव ही चैनीची गोष्ट नाही. आत काय आहे ते जाणण्याचा हक्क म्हणजे चव. रेशनच्या गव्हात खडे किती हे आपण मूठ भरून बघतो, अंगणवाडीची खिचडी आधी चाखून बघतो, आणि त्यावर मोर्चाही काढतो. मडक्यापाशी आलो की मात्र आपली सोवळी भूमिका आडवी येते. 'चांगल्या घरच्या बाया' त्याला हातही लावत नाहीत. हे सोवळं आलं कुठून? ते वरच्या जातींच्या घरातून आलंय, हे आपण मान्य करू या. आदिवासी, भंडारी घरांत ताडी ही सणाची, पाहुणचाराची, थकव्याची गोष्ट होती. त्यांच्या आज्यांना आपण एका ठरावानं गुन्हेगार करायला निघालो आहोत.

याचा अर्थ बायांनी पबमध्ये जाऊन बसलं की त्या मुक्त झाल्या, असा अजिबात नाही. जाहिरातीतली हातात बाटली घेतलेली हसरी मुलगी ही बाटलीवाल्याची मुक्ती आहे. मंगळूरला जानेवारी २००९ मध्ये पबमधल्या मुलींना मारलं गेलं तेव्हा आपण मुलींच्या बाजूनं उभ्या राहिलो, ते बरोबरच होतं. तेव्हा आपण म्हणालो, काय प्यायचं ते ती ठरवेल. मग मुरब्याच्या मावशीनं काय विकायचं आणि काय ओतून द्यायचं, हे ठरवायची अक्कल तिला नाही का? की तो हक्क फक्त जीन्स घातलेल्या मुलीचा?

ठरावाची दुरुस्ती

नुसतं भांडून उपयोग नाही. माझी दुरुस्ती अशी आहे.

१. देशी दारूचं दुकान, परमिट रूम आणि बाहेरून माल आणणारा ठेकेदार यांच्याविरुद्धचा लढा तसाच राहील. जिथं बायांना हवं तिथं आडव्या बाटलीचं मतदान मागायचं.

२. झाडाची ताडी घरगुती प्रमाणात विकणाऱ्या एकट्या बायांवर गुन्हे नोंदवणं बंद व्हावं. त्यांच्या गटाला लिलावाशिवाय, कमी शुल्कात परवाना मिळावा.

३. ताडीच्या दुकानांचे नमुने वेळोवेळी तपासले जावेत आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. नमुना घेताना गावातल्या दोन बाया हजर असाव्यात, त्यातली एक ताडी जाणणारी. तिचं मत पंचनाम्यात लिहिलं जावं.

४. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६च्या पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, तसाच नियमन करण्याचाही अधिकार दिला आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. आपण आजवर त्यातला बंदी हा एकच शब्द वाचला. नियमन हा शब्दही बायांच्या ग्रामसभेत वाचला जावा.

५. मारणाऱ्या नवऱ्याबाबतचा ठराव वेगळा करावा. त्यात दारूचा उल्लेख नसावा. मारलं तर तक्रार होईल, शुद्धीत मारलं तरी आणि झिंगून मारलं तरी. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज भरायला गट सोबत येईल.

यातल्या दुसऱ्या कलमावर सगळ्यात जास्त विरोध होईल, हे मला माहीत आहे. 'आज ताडीला सूट द्या, उद्या गावठी हातभट्टीवाला तीच मागेल,' असं म्हटलं जाईल. भीती खरी आहे. पण नवसागर घालून लपूनछपून गाळलेली हातभट्टी आणि झाडावरून उतरलेला रस यांतला फरक सांगू शकणारी माणसं गावात आहेत. फरक करता येत नाही म्हणून सगळंच फोडा, ही सोय पोलिसांची. आपण ती का उचलायची?

ठराव पुढच्या बैठकीत मतदानाला येणार आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरीच्या गटांनी आपापल्या गावात ताडी आणि मोह कोण विकतं, किती बायांचं घर त्यावर चालतं, किती जणींवर गुन्हे आहेत, हे विचारून कळवावं. माझं चुकत असेल तर तेही कळवा. मात्र विचारायला जाल तेव्हा अंगणात उभ्या राहू नका, घरात बसून विचारा.

बैठकीला मी त्या मावशीला पुन्हा बोलावलं आहे. ती म्हणाली, "येते, पण या वेळी पुढं बसेन."